पीपलरावांची अल्पना

"आजोबांशी बोललास ना?" अनन्याने गाडीत विचारलं.

"हो," राजवीर म्हणाला.

खोटं नव्हतं ते. बोलला होता. लग्नाच्या गडबडीतच एका दुपारी बापूसाहेबांनी नातवाला पलंगाशी बसवून, कानातलं यंत्र नीट करत सांगितलं होतं, "राजलक्ष्मी. कुणाजवळ बोलायचं नाही. आधी तांदळात दिसलं पाहिजे." राजवीर म्हणाला होता, "जी, आजोबा." आणि त्याच्याही आधी, धारला तलावाच्या काठी भुट्टा खाताना अनन्या म्हणाली होती, "बाकी तुमच्या घरचं सगळं करीन मी. नाव नाही बदलणार. कारण विचारू नकोस, कारण काही नाहीये. मला आवडतं ते, बस." तिथे तो म्हणाला होता, "पक्का."

दोन्हीकडे हो म्हणून मोकळं व्हायचं आणि मधल्या वेळात सगळं आपोआप जमेल अशी आशा धरायची, ही जगदाळ्यांच्या पुरुषांची जुनी खोड. त्या आपोआपाच्या जागी बहुतेक वेळा घरातली एखादी बाई उभी असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

इंदूरचा बायपास ओलांडला, देवासची देवीची टेकडी दिसायला लागली. अनन्याने हात जोडले. राजवीरनेही जोडले, जरा जास्तच वेळ.

*

घरी राजवीरची आजी, इंदिराबाई, तांदळाच्या डब्यापुढे बसल्या होत्या.

"हा नको," त्या सुनेला म्हणाल्या. "जाड घे. बारीक तांदळात अक्षर बसत नाही, सरकतं."

माधवीने डबा बदलला. कोर्टामागच्या या घरात खाली 'जगदाळे कॉम्प्युटर्स'चं दुकान आणि वर बिऱ्हाड. आज दुकान बंद होतं आणि त्याच्या शटरला झेंडूची माळ लावलेली होती.

"काय नाव काढलंय म्हाताऱ्याने, तुला कळलं का?"

"मला कोण सांगणार, आईसाहेब?"

"मला तरी कोण सांगतंय." इंदिराबाईंनी ताटात तांदूळ पसरले, तळहाताने सारखे केले. "मी बागलीहून आले तेव्हा राजाबाई होते. कितीतरी दिवस कोणी 'इंदिरा' म्हटलं की मी मागे वळून बघायची, कोण आली म्हणून. सवय होते. पहिली हाक सासूने मारायची, लक्षात आहे ना? मोठ्याने मार. तुला मी दोनदा मारली, तू ओ दिली नाहीस. पाहुण्यांना वाटलं, धारवाल्यांनी मुलगी बहिरी दिली."

माधवी हसली. हे वाक्य तिने या घरात इतक्या वेळा ऐकलं होतं की हसणं आपोआप यायचं, खोकल्यासारखं.

माप ओलांडून झालं, अनन्या आत आली. साडी बदलायला माधवी तिला गच्चीवरच्या खोलीत घेऊन गेली. पिना काढता काढता अनन्या म्हणाली, "आई, बरं झालं राजवीर आजोबांशी आधीच बोलला. मला टेन्शन होतं. नावाचं."

"काय बोलला?"

"हेच की मी अनन्याच राहणार. त्याने सांगितलं ना तुम्हाला?"

माधवीच्या तोंडात दोन पिना होत्या, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

जिन्यात तिने मुलाला गाठलं. फेटा काढून तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

"आजोबांना काय सांगितलंस?"

"जी म्हटलं."

"आणि तिला?"

"पक्का म्हटलं."

"मग तांदळात काय लिहिणार, 'जी पक्का'?"

"मम्मी, तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतात ते."

"माझं ते फक्त टाइप करताना कागदाला समास किती सोडायचा एवढ्यापुरतं ऐकतात."

"यार मम्मी. शहाऐंशी वर्षांचे आहेत. वाईट वाटेल त्यांना. एक नाव तर आहे, आधार कार्डावर थोडंच बदलायचंय? घरात राजलक्ष्मी, बाहेर अनन्या. ॲडजस्ट होऊन जाईल."

"कोण होईल?"

राजवीरने मोबाईल खिशात टाकला. उत्तर त्याला माहीत होतं.

"तिने तुला एकच गोष्ट मागितली होती," माधवी म्हणाली. "पहिल्याच दिवशी तिला कळलं की तुझा 'पक्का' असा असतो, तर पुढे ती तुझं काय ऐकेल? नावाचं सोड. तुझं काय राहील?"

खालून सुभद्रा आत्याचा आवाज आला. "अरे चला, मशीनच्या खोलीत या सगळे."

*

मशीनच्या खोलीत मशीन नव्हतं. ते भंगारात जाऊनही बरीच वर्षं झाली होती. तिथे आता गव्हाच्या टाक्या होत्या आणि बापूसाहेबांचा पलंग. मशीनवरचं प्लास्टिकचं झाकण तेवढं उरलं होतं, ते शिलाई मशीनवर घातलेलं असे. पण खोलीचं नाव बदललं नव्हतं, आणि सुनेचं नाव ठेवायचं ते याच खोलीत, असा रिवाजही पडून गेला होता.

गुरुजी लक्ष्मीपूजन सांगून दुसऱ्या लग्नाला पळाले होते. पाटावर अनन्या, शेजारी राजवीर, पुढ्यात तांदळाचं ताट. पलंगावर बापूसाहेब, कडक इस्त्रीचा लांब कोट घालून. विक्रमसिंह, माधवीचे यजमान, दाराशी उभे, म्हणजे बाहेर जायला सोपं.

"मशीनची खोली म्हणजे? कोणती मशीन?" अनन्याने विचारलं.

झालं. सुभद्रेला एवढंच हवं होतं. ती बापूसाहेबांची, तिच्या आबांची, धाकटी मुलगी, आणि घरातल्या सगळ्या गोष्टी सांगायचा मक्ता तिचा.

"अगं, देवासच्या कोर्टापुढे सगळे टायपिंगवाले टाइपरायटर बडवत होते, तेव्हा आपल्या आबांनी कॉम्प्युटर आणला. सबसे पेहले. वर्डस्टार, लिहायचा प्रोग्राम. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. आत हिंदी-मराठीचं वेगळं कार्ड बसवलेलं. आणि त्याच्यासाठी एसी. घरात माणसांना पंखा एक, तोही घरघर करायचा, आणि मशीनला एसी. आम्ही चपला काढून आत जायचो. दसऱ्याला आबा तलवारीची पूजा आत करायचे आणि मशीनला हळदकुंकू उंबऱ्याबाहेरून दाखवायचे, कारण इंदूरचा सेल्समन म्हणून गेला होता की उदबत्तीच्या धुराने फ्लॉपी मरते."

"मरायचीच," बापूसाहेब म्हणाले. मशीनच्या गोष्टीत त्यांना सगळं ऐकू येई. "एकदा मेली. मोहनखेड्याच्या ट्रस्टची अख्खी स्मरणिका गेली."

"आणि दादाचं लग्न ठरलं ते मशीन आलं त्याच महिन्यात," सुभद्रा पुढे म्हणाली. "तुझ्या सासूचं माहेरचं नाव अल्पना. आबांनी ठरवलं माधवी. पण म्हणाले, तांदूळ नंतर. आधी सगळे मशीनच्या खोलीत चला. पन्नास माणसं कोंबली इथे, एसी असून घाम. नवरीला खुर्चीशेजारी उभी केली. स्क्रीनवर लग्नाच्या आभाराचा मजकूर, त्यात 'अल्पना' चार-पाच ठिकाणी. आबा म्हणाले, बघा आता. खटाखट बटणं दाबली, आणि स्क्रीनवरची एकेक अल्पना गेली आणि माधवी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक काका तर म्हणाले, आमच्याही सूनबाईंचं करून द्या."

अनन्या हसली. मग तिने सासूकडे पाहिलं. माधवी ताटातला एक खडा निवडत होती.

"पुढे ऐक," सुभद्रा म्हणाली. "आबा कोर्टातले. फाईल म्हणजे बस्ता, जाडजूड, दोरी बांधलेला. सेल्समनने सांगितलं, यात फाईल बनवा. आबांनी एक बनवली. जगदाळे नावाची. आणि सगळं तिच्यातच. लग्नाचे आभार, त्याच्याखाली कुणाचा भाडेकरार, त्याच्याखाली जामिनाचे अर्ज, सगळ्या अशिलांचे कागद एकाखाली एक. वेगळी फाईल करायची असते हे कुणाला माहीत?"

"फ्लॉपीचा खर्च वाचायचा त्याने," बापूसाहेब म्हणाले.

"आणि त्याच फाईलमध्ये पीपलरावां गावच्या एका बाईचं शपथपत्र. नवरा वारलेला, शेतावर नाव चढवायचं होतं. तिचंही नाव अल्पना."

आता खोलीतल्या ज्यांनी ही गोष्ट ऐकली होती तेही पुढे सरकले.

"दुसऱ्या दिवशी छापून दिलं तिला. तिला वाचता येत नव्हतं. दिराने वाचलं आणि गावभर केलं. 'भैया की दूसरी भी थी. माधवी नाम की. कागज में लिक्खा है.' ती बाई तणतणत दुकानात आली. 'म्हारो नाम कणे बदल्यो?' कोणी बदललं म्हणून."

सगळे हसले. बापूसाहेबही हसले, डोळे पुसत. "चूक माझीच. ते मशीन प्रत्येक ठिकाणी थांबायचं आणि विचारायचं. बदलू? हो की नाही? पुढच्या नावावर परत, बदलू? हो की नाही? मी म्हटलं, एवढ्या पाहुण्यांपुढे मी काय हो-हो करत बसू? सेल्समनने एक बटण दाखवून ठेवलं होतं, न विचारता बदलायचं. ते दाबलं."

माधवीने खडा बाजूला ठेवला.

हे बटण तिला चांगलं माहीत होतं. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, राजवीरच्या आधीचं बाळ पोटात असताना आणि मग नसताना, ती या खोलीत येऊन बसायची, कारण इथे गार होतं. बापूसाहेब काही विचारत नसत. एक दिवस त्यांनी तिच्यासाठी खुर्चीवर गादी शिवून आणली आणि म्हणाले, "बसतेस तर शीक." त्यांनीच शिकवलं. कुठून कुठपर्यंत उचलायचं ती खूण, कुठे ठेवायचं ती खूण, दर पानाला साठवून ठेवायचं, वीज गेली तर रडायचं नाही. बरेच दिवस तिचं सगळंच उडत होतं आणि त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. पुढे वकील येऊन त्यांना मजकूर सांगायला लागले की ते सुनेकडे बोट दाखवायचे. "हिला सांगा. ही बसेल, तुम्ही उभे राहा." त्या काळात देवासच्या कोर्टात कोणा सासऱ्याने असं म्हटलं नसतं. म्हणून तर ही गोष्ट ऐकताना हसायचं, असं तिने आजवर ठरवलं होतं.

"पुढचं सांगा ना, वन्सं," ती म्हणाली.

सुभद्रा थबकली. गोष्ट नेहमी इथेच संपायची. "पुढे काय? नाव दुरुस्त केलं."

"कोणी?"

"मी," बापूसाहेब म्हणाले. पाठ सरळ झाली. "राजदूत फटफटी काढली आणि स्वतः पीपलरावांला गेलो. नवा कागद घेऊन. चौपालावर सगळ्यांना जमवलं, तिच्या दिरालाही. हात जोडून सांगितलं, 'बाई का नाम अल्पना है, अल्पना ही रहेगा. गलती मेरी.' तिच्या घरी चहा घेतला. कोणाचं नाव असं जायला नको. माणसाकडे दुसरं असतं काय?"

"खरंय," माधवी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खाली होता. "पीपलरावांच्या अल्पनाला तुम्ही नाव परत नेऊन दिलंत, मामंजी. चौपालावर, हात जोडून. धारच्या अल्पनाचं राहूनच गेलं."

विक्रमसिंहांना केटररची आठवण झाली. पण दारात सुभद्रेचे यजमान उभे होते, जाता आलं नाही.

"काय म्हणाली?" बापूसाहेबांनी विचारलं.

सुभद्रा त्यांच्या कानाशी वाकली. "म्हणते, उशीर होतोय, जेवणं खोळंबलीत."

"सुभद्रे," इंदिराबाई म्हणाल्या. "जे म्हणाली ते सांग."

"आई, आजच्या दिवशी कशाला..."

"आजचाच दिवस आहे. सांग."

सुभद्रेने सांगितलं. खाली आवाजात म्हटलेलं वाक्य तिला मोठ्याने म्हणावं लागलं, आणि एकदा नाही नीट ऐकू आलं म्हणून परत. दुसऱ्या वेळी 'राहूनच गेलं' म्हणताना तिने माधवीकडे पाहिलं. इतकी वर्षं ही गोष्ट तिने सांगितली होती, आणि तिच्यात दोन अल्पना आहेत हे तिला आत्ता कळत होतं.

बापूसाहेबांनी कोटाचं बटण चाचपलं.

"ती बाई दुकानात आली," ते म्हणाले. "तिने विचारलं, माझं नाव कोणी बदललं. तू कधी आलीस विचारायला?"

"मी कुठून येणार, मामंजी? मी आतच होते."

मग राजवीर बोलला. तांदळात नाव लिहायची अंगठी त्याने ताटाच्या कडेला ठेवली. "आजोबा, मी अनन्याला शब्द दिलाय. तिचं नाव तेच ठेवायचं म्हणून. तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही. मी घाबरलो."

अनन्याने त्याच्याकडे पाहिलं. "तू तर म्हणालास बोललो."

"बोललो. दुसरंच बोललो."

"गाडीत विचारलं मी तुला."

"हो."

"तुझ्याशी नंतर बोलते," ती म्हणाली, आणि पाटावर थोडी सरकून बसली. ते सरकणं इतकं थोडं होतं की फोटोत दिसलं नसतं. माधवीला दिसलं.

बापूसाहेबांना हे सगळं सुभद्रेने कानात सांगितलं. या वेळी काही न बदलता. ऐकताना त्यांचा चेहरा लहान होत गेला.

"राजलक्ष्मी वाईट आहे का?" त्यांनी अनन्याला विचारलं. "माझ्या आईचं नाव होतं. मी सहा वर्षांचा असताना गेली. या घरात ते परत ऐकावं असं वाटलं. एवढंच."

आता सगळ्या बायकांची मनं एकदम म्हाताऱ्याकडे झुकली, हे माधवीला समोर दिसत होतं. तिचंही झुकलं. इथेच तर तिचं नेहमी अडायचं. बापूसाहेब वाईट असते तर किती सोपं झालं असतं.

अनन्या उठली, पलंगाशी जाऊन खाली बसली. "आजोबा, नाव खूप सुंदर आहे. खरंच. पण मला त्या नावाने हाक मारली तर मी ओ देणार नाही. मुद्दाम नाही. मला समजणारच नाही की मला बुलवतायत."

"काय म्हणते?"

"ओ देणार नाही म्हणते," इंदिराबाई म्हणाल्या. त्या सुभद्रेला बाजूला करून स्वतः नवऱ्याच्या कानाशी गेल्या होत्या. "या माधवीनेही दिली नव्हती. मी दोनदा हाक मारली होती. बहिरी नव्हती ती, आपणच चुकीच्या मुलीला हाक मारत होतो. आणि राजलक्ष्मी परत ऐकायचं असेल तर मला सांगा आईंच्या गोष्टी. मी ऐकते. त्यासाठी पोरीचं नाव कशाला?"

बापूसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. साठ वर्षांच्या संसारात ती त्यांच्या कानाशी एवढं सलग बोलली नव्हती.

"सूनबाई," शेवटी ते म्हणाले. "मला नीट ऐकू येत नाही. तू विचार तिला. सगळ्यांसमोर विचार."

माधवीने पदर सारखा केला. "अनन्या, तुझं नाव काय ठेवायचं?"

"अनन्या."

"काय म्हणाली?"

"अनन्या म्हणाली, मामंजी."

"मग लिही रे," ते राजवीरला म्हणाले. "बघतोस काय? नीट लिही. रेघ सरळ येऊ दे."

राजवीरने लिहिलं. रेघ सरळ आली नाही. अनन्याने ती बोटाने सारखी केली, त्याच्याकडे न बघता. पण केली.

"हाक मार आता," इंदिराबाई म्हणाल्या.

"अनन्या," माधवी म्हणाली, आणि नाव पुरतं संपायच्या आत उत्तर आलं, "जी, आई." खोलीत कोणीतरी हसलं, कोणीतरी पेढ्यांचा डबा उघडला, विक्रमसिंहांना अखेर केटररकडे जाता आलं.

माणसं जेवायला खाली उतरायला लागली. माधवी ताट उचलायला वाकली तेव्हा बापूसाहेबांनी तिच्या मनगटाला हात लावला.

"आणि तू?"

"मी काय?"

"तुला कोणतं हवं? आज सांग. उद्यापासून सगळे त्या नावाने बोलावतील. मी सांगतो सगळ्यांना. खाली चौकात उभा राहून सांगतो."

माधवी ताट घेऊन उभी राहिली. हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला तर उत्तर तयार असेल, असं तिला नेहमी वाटायचं. एके काळी होतंही. पण आता अल्पना म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे माहेरच्या, धारेश्वराच्या गल्लीतली एक एकवीस वर्षांची मुलगी यायची, आणि त्या मुलीला ना वर्डस्टार येत होतं, ना जामिनाचा अर्ज. ते सगळं माधवीने केलं होतं, याच खोलीत, गादी घातलेल्या खुर्चीवर बसून. एकीला हाक मारली तर दुसरी कुठे जाईल, हे तिला पटकन सांगता येईना.

"लगेच सांगायला पाहिजे का, मामंजी?"

"नाही," ते म्हणाले. "घाई नाही."

"मग विचार करून सांगते."

"सांग," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं आणि परत घातलं. "मी जागाच आहे."